अडीच टनी ट्रकची पाठशाळा

भाकरी का करपली? घोडा का अडला? विद्या का विसरली? घरातील आजीने नातवंडांना घातलेले हे जुने कोडे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! या कोड्यात चौथा प्रश्न घालायचा झाला, तर 'ट्रक का गंजला?' असा घालता येईल आणि उत्तर बदलावे लागणार नाही. यंत्र विकत घेता येते, भेट म्हणून मिळते, युद्धात जिंकूनही आणता येते. पण ते चालते ठेवण्याची विद्या मात्र प्रत्येक पिढीला आपल्या हाताने नव्याने शिकावी लागते.

युद्धाचा इतिहास वाचताना आपले लक्ष सहसा सेनापती, रणगाडे आणि विमाने यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्यांचे नेतृत्व करणारे जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांची दृष्टी मात्र अधिक व्यापक होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रुसेड इन युरोप' या ग्रंथात, यशाला अत्यंत आवश्यक ठरलेल्या साधनांमध्ये त्यांनी बुलडोझर, जीप, सी-४७ हे मालवाहू विमान आणि अडीच टनी ट्रक यांची गणना केली. यांतील एकही वस्तू प्रत्यक्ष लढण्यासाठी तयार केलेली नव्हती, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले. सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. विसाव्या शतकात ते पोट ट्रकच्या पाठीवरून येत होते.

प्रस्तुत लेखात या अडीच टनी ट्रकची हकीकत सांगायची आहे. त्याहूनही अधिक, तो चालवायला आणि त्याची निगा राखायला जी माणसे शिकली, त्यांची हकीकत सांगायची आहे. विजयोत्सवाच्या छायाचित्रांत ही माणसे क्वचितच दिसतात.

दुर्री आणि अर्धी

या ट्रकचे लष्करी नाव 'सीसीकेडब्ल्यू'. नाव विचित्र वाटले तरी त्यातील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. पहिला 'सी' म्हणजे १९४१ सालची रचना. दुसरा 'सी' म्हणजे चालकाच्या पुढे इंजिन असलेली नेहमीच्या धाटणीची केबिन. 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची गती मिळते, आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागचे दोन्ही आंस इंजिनाने फिरतात. सैनिकांनी मात्र याला दोन सुटसुटीत नावे दिली. जीएमसी या कंपनीच्या नावावरून 'जिमी', आणि अडीच टनांच्या क्षमतेवरून 'ड्यूस अँड अ हाफ'. ड्यूस म्हणजे पत्त्यांतील दुर्री. तेव्हा आपल्या भाषेत 'दुर्री आणि अर्धी' असेच म्हणावे लागेल.

मिशिगन राज्यातील पाँटिअॅक शहरात 'यलो ट्रक अँड कोच' नावाचा कारखाना होता. तो जनरल मोटर्सच्या गोतावळ्यातील होता आणि १९४३ मध्ये पूर्णपणे त्या कंपनीत विलीन झाला. तेथे व अन्य ठिकाणी मिळून १९४१ ते १९४५ या काळात असे ५ लाख ६० हजारांहून अधिक ट्रक तयार झाले. इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ४.४ लिटर क्षमतेचे आणि पेट्रोलवर चालणारे होते. त्याची ताकद जेमतेम ९० अश्वशक्तीच्या आसपास. आज एखादे लहान कुटुंब ज्या मोटारीतून प्रवास करते, तिच्यातही एवढी ताकद असते. मात्र या ट्रकला दहा चाके होती, पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने आठ. चिखल, वाळू वा उखडलेला रस्ता लागला की पुढच्या चाकांनाही जोर देता येई. प्रारंभी केबिन पत्र्याची होती. १९४३ पासून ती कॅनव्हासच्या छताची झाली. त्यामुळे पोलाद वाचले आणि जहाजावर ट्रक चढवताना जागाही कमी लागू लागली.

गिअरची शिस्त

एवढे ट्रक तयार करणे अमेरिकेला अवघड नव्हते. अवघड होते ते चालक तयार करणे. आजच्या मोटारीत गिअर बदलताना आतील कड्या दोन्ही चाकांची गती आपोआप जुळवून देतात. या ट्रकच्या पाच गिअरच्या पेटीत तशी सोय नव्हती. गती जुळवण्याचे काम चालकाच्या पायांना आणि कानांना करावे लागे.

आपल्याकडील जुने ट्रकचालक ज्याला 'डबल क्लच' म्हणतात, ती ही विद्या. वरचा गिअर टाकायचा तर क्लच दाबावा, गिअर मोकळा करावा, क्लच सोडावा, पुन्हा दाबावा आणि मगच पुढचा गिअर टाकावा. खालचा गिअर टाकताना काम आणखी नाजूक होते. गिअर मोकळा असताना क्लच सोडून इंजिनाला योग्य तेवढा वेग द्यावा लागे. वेग कमी पडला वा जास्त झाला की दाते कडकडून ओरडत आणि गिअर आत जाण्याचे नाकारी. किती वेग द्यावा हे घड्याळात पाहून समजत नाही. ते ऐकून समजते. नवशिक्याचे पहिले आठवडे या कडकडाटातच जात.

याहून गंभीर धडा उताराचा. भरलेला ट्रक घाटाच्या माथ्यावर असतानाच खालचा गिअर टाकून घ्यायचा. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला जावे आणि तो आत न गेल्यास ट्रक मोकळ्या गिअरमध्ये सापडतो. मागून टनावारी वजन ढकलत असते, इंजिनाचा आधार सुटलेला असतो, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. या ट्रकचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत आणि सर्व चाकांसाठी नळ्यांची एकच साखळी होती. त्या साखळीत कोठेही एक नळी फुटली की सहाही ठिकाणचे ब्रेक एकदम जात. इंजिन बंद पडले तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही संपे. म्हणून चढताना जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा नियम साध्या वाटणाऱ्या शब्दांत शिकवला जाई. तो ज्यांनी हलकेपणाने घेतला, त्यांना दुसरी संधी मिळेलच असे नव्हते.

पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा हा तिसरा धडा. चिखलात तो तारक. पण कोरड्या, कठीण रस्त्यावर तो लावून ठेवला तर वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, आणि त्यांच्यातील ओढाताण सगळी दातेरी चाकांवर व टायरांवर निघते. संकटातील साधन संकट सरल्यावर बाजूला ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ.

चालवण्याइतकेच महत्त्व निगा राखण्याला होते. १९४४ च्या सुमारास चालकांच्या हाती पडलेल्या 'टीएम ९-८०१' या अधिकृत पुस्तिकेत चालकाच्या कामाचे स्पष्ट भाग पाडलेले होते : निघण्यापूर्वी, चालताना, थांबल्यावर आणि काम संपल्यावर. निघण्यापूर्वी तेल, पाणी, पेट्रोल, टायर आणि गळती पाहायची. चालताना तेलाच्या दाबाच्या व उष्णतेच्या काट्यांवर लक्ष ठेवायचे. थांबल्यावर उतरून चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहायचा. एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले असेल तर त्याचे बेअरिंग वा ब्रेक बिघडला आहे हे हातालाच कळे. संध्याकाळी चालक कितीही थकलेला असो, उद्याच्या प्रवासाची तयारी आजच करायची. ही शिस्त कोणा विद्वानाने शोधलेली नव्हती. बैलांना चारापाणी केल्याशिवाय स्वतः न जेवणाऱ्या गाडीवानाला ती सांगण्याची गरजही पडली नसती.

पुस्तिका जाड होती आणि सैनिकांना वाचनाची गोडी लागेलच याची खात्री नव्हती. यावर अमेरिकी सैन्याने एक कल्पक उपाय शोधला. 'आर्मी मोटर्स' नावाचे नियतकालिक निघत असे. त्यात विल आयझ्नर या चित्रकाराने 'जो डोप' हा निष्काळजी, वेंधळा सैनिक चित्रकथेतून उभा केला. तो वंगण घालायला विसरे, हवा कमी असलेल्या टायरवर ट्रक दामटी, आणि पुढे काय होते ते वाचक हसत हसत पाही. हीच परंपरा १९५१ मध्ये 'पीएस' या मासिकाने पुढे चालवली, आणि आयझ्नर यांनी १९७१ पर्यंत त्याची धुरा वाहिली.

विद्येपुढे सर्व सारखे, याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. १९४५ च्या प्रारंभी अठरा वर्षांची एक युवती स्त्रियांच्या लष्करी साहाय्यक दलात दाखल झाली. चाक कसे बदलावे, इंजिन कसे उघडावे, जड वाहन कसे हाकावे, हे तिने इतर मुलींबरोबर शिकून घेतले. ही युवती म्हणजे राजकन्या एलिझाबेथ. पुढे १९५२ ते २०२२ अशी सत्तर वर्षे राज्य करणाऱ्या राणीच्या हातालाही कधीकाळी ग्रीस लागले होते.

लाल चेंडूचा रस्ता

परीक्षेची घडी आली १९४४ च्या उन्हाळ्यात. ६ जून रोजी दोस्त सैन्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. सात आठवडे ती किनाऱ्यालगतच अडकून पडली, आणि जुलैच्या अखेरीस शत्रूची फळी फुटताच त्यांनी पूर्वेकडे अशी झेप घेतली की रसद मागेच राहिली. फ्रान्समधील रेल्वेमार्ग शत्रूला वापरता येऊ नयेत म्हणून दोस्तांच्याच विमानांनी उद्ध्वस्त केले होते. आता त्या विजयाची किंमत स्वतःलाच चुकवायची वेळ आली. आघाडीवरच्या २८ डिव्हिजनांपैकी प्रत्येकीला दररोज सुमारे ७५० टन सामग्री हवी होती, म्हणजे एकूण सुमारे २० हजार टन. ती नेणार कोण?

उत्तर होते : ट्रक. २५ ऑगस्ट १९४४ रोजी 'रेड बॉल एक्स्प्रेस' सुरू झाली. लाल वर्तुळाच्या खुणा लावलेले दोन समांतर रस्ते केवळ या ट्रकांसाठी राखून ठेवण्यात आले, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. अवघ्या चार दिवसांत, २९ ऑगस्ट रोजी, ५,९५८ वाहनांनी एका दिवसात १२,३४२ टन माल पोचवला. १६ नोव्हेंबरला ही सेवा थांबली तेव्हा एकूण ४ लाख १२ हजार टनांहून अधिक सामग्री आघाडीवर गेली होती.

या ट्रकांचे चालक होते कोण? चारांतील सुमारे तीन कृष्णवर्णीय अमेरिकी होते. त्या काळी अमेरिकेचे सैन्य वर्णावरून विभागलेले होते. कृष्णवर्णीय सैनिक लढण्यास योग्य नाहीत, असा वरिष्ठांचा पूर्वग्रह होता आणि म्हणून बहुतेकांना माल उचलणे, रस्ते बांधणे आणि ट्रक हाकणे अशी कामे दिली जात. त्यांतील कित्येकांनी भरतीपूर्वी ट्रकचे स्टिअरिंग हातात धरलेले नव्हते. काहींना तर घाईघाईने, दिवसांच्या हिशेबाने शिकवून रस्त्यावर पाठवण्यात आले. ज्यांना कमी लेखून मागे ठेवले, त्यांच्याच हातून संपूर्ण आघाडीचा प्राणवायू वाहत होता.

येथे या इतिहासातील खरा पेच सुरू होतो. नियम स्पष्ट होते. वेग ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. दोन ट्रकांतील अंतर ६० यार्ड. ठरलेल्या वेळी विश्रांती आणि तपासणी. प्रत्यक्षात पुढे सैन्य पेट्रोलसाठी खोळंबलेले होते. चालकांनी वेगावर मर्यादा घालणारे यंत्र काढून टाकले वा निकामी केले. अडीच टनांच्या ट्रकवर वरिष्ठांच्याच परवानगीने पाच पाच टनांपर्यंत माल चढू लागला. रात्री मांजराच्या डोळ्यांएवढ्या मिणमिणत्या दिव्यांवर गाडी चालवायची असे. एका ट्रकवर दोघे चालक, एक झोपे आणि एक चालवी. थांबण्यातला वेळ वाचवण्यासाठी चालत्या ट्रकमध्येच जागा बदलल्याच्या आठवणी त्यांनी पुढे सांगितल्या आहेत.

आणि निगा? तीच मागे पडली. वंगण चुकले, नट सैल झाले, बॅटऱ्यांतील पाणी आटले. अतिरिक्त भाराने टायर फुटू लागले. सैनिकांनी खाऊन रस्त्यावर फेकलेल्या डब्यांच्या पत्र्याने ते अधिकच चिरले. दुरुस्ती पथके रस्त्याच्या कडेला अहोरात्र राबत होती, तरी बिघडलेल्या ट्रकांची रांग वाढतच गेली. ट्रक अडीच महिन्यांत अनेक वर्षांचे म्हातारे झाले.

मग चूक कोणाची? नियम मोडणाऱ्या चालकांची? त्यांनी नियम पाळला असता तर आघाडीवरचा रणगाडा पेट्रोलवाचून उभा राहिला असता. नियम करणाऱ्यांची? त्यांनीच दुप्पट भाराला संमती दिली होती. मला वाटते, इतिहासाने येथे निवाडा घाईने देऊ नये. आणीबाणीत यंत्रापेक्षा माणसाचा जीव मोठा, हे खरेच. पण तितकेच खरे हे की, निगा टाळल्याने वाचलेला वेळ उसना असतो. तो व्याजासकट फेडावा लागतो, आणि बहुधा तो फेडण्याची पाळी घाई करणाऱ्यावर न येता त्याच्यामागून येणाऱ्या पान्यावाल्यावर येते.

आसामच्या घाटातील शिष्य

हाच ट्रक युरोपाप्रमाणे आपल्याही भूमीवर आला. जपानने ब्रह्मदेश घेतल्यानंतर चीनकडे जाणारा जमिनीवरचा मार्ग तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी जनरल जोसेफ स्टिलवेल यांच्या नेतृत्वाखाली १९४२ च्या अखेरीस आसामातील लेडो येथून रस्ता बांधण्याचे काम सुरू झाले. पांगसाऊ खिंड ओलांडून, मलेरियाच्या जंगलांतून आणि प्रचंड पावसातून हा रस्ता पुढे सरकत गेला. सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिक त्यावर राबले, आणि येथेही त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते. त्यांच्याबरोबर सुमारे ३५ हजार स्थानिक मजुरांनी घाम गाळला. सुमारे ११०० अमेरिकी या कामी मृत्यू पावले. स्थानिक मजुरांचे बळी याहून निराळे.

१२ जानेवारी १९४५ रोजी ११३ वाहनांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोचला. सुमारे १,७०० किलोमीटरचा हा प्रवास. त्यासाठी चिनी चालकही लागत होते. तेव्हाच्या बिहारमधील आणि आजच्या झारखंडमधील रामगढ येथे अमेरिकी अधिकारी चिनी सैनिकांना प्रशिक्षण देत, त्यात ट्रक चालवण्याचे शिक्षणही होते. अमेरिकी शिक्षक, चिनी शिष्य, बिहारची धूळ आणि मध्ये दुभाषा! गिअरचा कडकडाट मात्र कोणत्याही भाषेत एकच अर्थ सांगत होता.

याच काळात आपल्या सैन्याची संख्याही सुमारे २५ लाखांवर पोचली. आपले अनेक जवान शेतातून थेट मोटारीच्या चाकामागे बसले. ज्याच्या घरी बैलगाडीखेरीज वाहन नव्हते, तो इंजिन उघडून पुन्हा जोडू लागला. युद्धाने माणसांचे जीव घेतले, घरे उद्ध्वस्त केली. जे वाचून परतले, त्यांच्यातील काहींच्या हाती मात्र ही नवी विद्या होती.

'डिस्पोजल'चा माल

युद्ध संपले आणि जगभर एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : या लक्षावधी वाहनांचे करायचे काय? सर्व परत नेणे परवडणारे नव्हते. तलवारीचा फाळ करण्याची जुनी आशा अशा प्रसंगी एकदम व्यवहारात उतरते. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने अतिरिक्त मालाच्या विक्रीची व्यवस्था झाली व परतलेल्या सैनिकांना त्यात प्राधान्य मिळाले. भारतातील अमेरिकी शिल्लक मालाविषयी मे १९४६ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि तो माल भारत सरकारच्या ताब्यात आला. त्याच्या विक्रीसाठी 'डिस्पोजल्स'चे स्वतंत्र खाते होते. त्यावरूनच 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग आपल्या बाजारात रूढ झाला.

या विक्रीचे एक फळ तर कोणाला सुचलेही नसते. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी मांडलेला आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी संमत झालेला कायदा असा होता की, परदेशांत शिल्लक युद्धसामग्री विकून येणे असलेली रक्कम विद्यार्थी व प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावी. भारताशी यासंबंधीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. कोणाच्या तरी जुन्या ट्रकच्या किमतीतून कोणाच्या तरी मुलाची पदवी उभी राहिली.

ट्रक मात्र पुढेही चालतच राहिले. ईशान्य भारतात आणि केरळात डोंगरातील लाकूड उतरवण्यासाठी युद्धकालीन ट्रक कित्येक दशके वापरात होते. रंगूनमध्ये युद्धातील शेवरोले ट्रकांच्या सांगाड्यांवर लाकडी बसगाड्या बांधण्यात आल्या आणि त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रवासी वाहिले. फ्रान्सच्या सैन्याने तर हेच जीएमसी ट्रक दुरुस्त करून इंडोचायना व अल्जीरियाच्या युद्धांतही वापरले. फाळाची पुन्हा तलवार होते, हेही इतिहासाने येथे दाखवून दिले.

आपल्याकडे या ट्रकांना एक खास अडचण होती. मूळ अमेरिकी ट्रकचे स्टिअरिंग डावीकडे आणि आपले रस्ते डावीकडून चालण्याचे. त्यामुळे चालक रस्त्याच्या कडेला बसे आणि समोरच्या बैलगाडीला ओलांडताना पलीकडून काय येते ते त्याला दिसत नसे. ते पाहून 'जाऊ दे' वा 'थांब' सांगण्याचे काम शेजारी बसलेल्या क्लीनरचे. म्हणजे असा ट्रक चालवायला दोन माणसे आणि त्यांच्यातील पूर्ण विश्वास लागे. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा एका ट्रकचे भाग काढून दुसरा जगवला गेला. पेट्रोल परवडेना तेव्हा काहींच्या पोटात डिझेल इंजिन बसले. छापील पुस्तिका बहुतेकांच्या हाती कधी पडलीच नाही. उस्तादाने सांगितले आणि शिष्याने हातातले काम पाहून उचलले, अशीच ही विद्या पुढे गेली.

आजचा विद्यार्थी

आज युरोप-अमेरिकेत असे ट्रक हौसेने जतन केले जातात. दरवर्षी जून महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांचे मालक ते घेऊन जमतात. पण असा जुना लष्करी ट्रक विकत घेणाऱ्या आजच्या माणसालाही त्याच शाळेत पहिलीपासून बसावे लागते. मोटार चालवण्याचा वीस वर्षांचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, किंबहुना आडवा येतो, कारण हाताला सवय सोयींची झालेली असते.

त्याला प्रथम कळते की, उभ्या राहिलेल्या ट्रकची झीज चालणाऱ्या ट्रकपेक्षा निराळी आणि अधिक लबाड असते. टायरवर नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून तडकलेले असते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात. तारांवरील कापडी वेष्टन हात लावताच गळून पडते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. म्हणून जाणता माणूस असा ट्रक घेतल्यावर प्रथम चालू करून पाहत नाही. तो आधी थांबवण्याची व्यवस्था तपासतो. जो ट्रक थांबवता येत नाही, तो चालू करण्यात पुरुषार्थ नाही.

मग लहानसहान गोष्टींत गर्व उतरतो. या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. चालताना ते आपोआप सैल होऊ नयेत ही त्यामागची योजना. हे ठाऊक नसलेला बलदंड नवशिका पान्यावर उभा राहून नट सोडवतो आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात तो अधिकच आवळत असतो. मागचे आंस दोन वेगवेगळ्या घडणीचे असत आणि एकाचे भाग दुसऱ्याला बसत नाहीत. तेव्हा भाग मागवण्यापूर्वी आपल्या दारात उभा असलेला ट्रक नेमका कोणता, हे खाली वाकून पाहावे लागते. ग्रीस भरण्याच्या जागा अनेक. त्यांतील एखादी सोपी दहा वेळा भरली जाते आणि अडचणीतली एखादी वर्षानुवर्षे कोरडी राहते. बिघाड बहुधा त्या कोरड्या जागीच होतो.

आणि मग एके दिवशी गिअर आवाज न करता आत जातो. हाताला एक हलकी टिचकी जाणवते, बस्स. त्या क्षणी शिकणाऱ्याला उमगते की, १९४४ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जिया वा अलाबामातील एखादा विशीतला मुलगा अंधारात, डोक्यावर विमानांची धास्ती असताना आणि पाठीशी पेट्रोलचे डबे असताना हेच करीत होता. पुस्तक वाचून त्या मुलाविषयी माहिती मिळते. गिअर टाकताना त्याच्याविषयी आदर वाटतो.

त्या मुलांच्या वाट्याला आदर उशिराच आला. युद्धानंतर ते ज्या देशात परतले, तेथे कित्येक राज्यांत बसमध्ये पुढच्या बाकावर बसण्याचीही त्यांना मुभा नव्हती. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, आणि तो अमलात यायलाही काही वर्षे गेली. १९५२ साली 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाचा चित्रपट निघाला. त्यात सिडनी पॉइटिए या तरुण कृष्णवर्णीय नटाला भूमिका मिळाली, पण कथेचा नायक गोरा अधिकारीच राहिला. चारांत तीन चालक ज्यांचे होते, त्यांची गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या नावाने सांगितली गेली.

वाचकहो, संग्रहालयात ठेवलेला एखादा जुना लष्करी ट्रक कधी पाहण्यात आला तर त्याच्या चकचकीत रंगावरून नजर फिरवून पुढे जाऊ नका. जरा वाकून त्याच्या पाट्यांच्या सांध्याकडे पाहा. तेथे ताजे ग्रीस दिसले तर समजावे की, अजून कोणीतरी त्याची विद्या फिरवत ठेवली आहे. आणि सांधा कोरडा दिसला तर आजीच्या कोड्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे.